संसदेची समिती सांगते फौजेत ९२ हजार जवान कमी आहेत, आणि आपण अग्निवीराच्या आईला पेन्शन द्यायची की नाही यावर अडलोय

कोरेगावकर
मार्च २०२५ मध्ये संरक्षण विषयाच्या संसदीय स्थायी समितीचा अहवाल आला. राधामोहन सिंह अध्यक्ष, म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच, तेव्हा विरोधकांचं रडगाणं म्हणून सोडून देता येणार नाही. त्यातले लष्कराचे आकडे असे की जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवान मिळून मंजूर ११,९७,५२० आणि प्रत्यक्षात ११,०५,११०, म्हणजे ९२,४१० कमी. ऑफिसर मंजूर ५०,५३८ आणि आहेत ४२,०९५, तेही मेडिकल, डेंटल, नर्सिंग सोडून. सोळा टक्क्यांच्या वर जागा रिकाम्या. आणि हे आजचं नाही, डिसेंबर २०२१ ला सरकारनेच राज्यसभेत ९७ हजारांच्या वर जवान कमी असल्याचं सांगितलं होतं.

जागा रिकामी म्हणजे युनिटमध्ये काय होतं ते घरात फौजी असणाऱ्याला विचारा. पोस्ट तेवढ्याच, गार्ड तेवढीच, माणसं कमी. मग एकाच्या वाट्याला दोघांची ड्यूटी येते, सुट्टी तुटते आणि मनोबल ढासळतं. कागदावर साठ दिवस अॅन्युअल आणि तीस दिवस कॅज्युअल, पण हवी तेव्हा मिळेल याची खात्री नाही. बहिणीच्या लग्नाला मागितलेली रजा लग्न झाल्यावर मंजूर होते, आमच्या भागात ह्या गोष्टी घरोघरी आहेत.

आता मुद्द्याचं. अग्निवीर म्हणजे २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी घेतलेला जवान, त्यातले २५ टक्केच पुढे कायम होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्याच स्थायी समितीने (तेव्हा अध्यक्ष जुएल ओराम) सांगितलं होतं की ड्यूटीवर मेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना रेग्युलर जवानाच्या घरच्यांसारखेच लाभ द्या. एकच खंदक, एकच गोळी, आणि एकाच्या घरी आयुष्यभर फॅमिली पेन्शन, दुसऱ्याच्या घरी एकरकमी चेक. माझं म्हणणं एवढंच आहे की मरण आणि अपंगत्व ह्या दोन बाबतीत फरक ठेवूच नका, बाकी चार वर्षं का दहा वर्षं ह्यावर भांडू आपण नंतर.

हिशेबनीस
भावना समजते पण दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. जवान कमी आहेत ते पगार कमी म्हणून नाहीत. २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी दोन वर्षं कोविडमुळे भरतीच बंद होती, त्यानंतर अग्निपथमध्ये पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६ हजारच घ्यायचं ठरलं, आणि रिटायर होणारे तर दरवर्षी होतच राहतात. रांगेत उभे राहणारे कमी नाहीत, आत घेतलेच कमी. ह्याला मनोबल ढासळलं म्हणणं बरोबर नाही.

दुसरं, पैसे. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६,८१,२१० कोटी, त्यात पेन्शन १,६०,७९५ कोटी आणि नवीन शस्त्रं, विमानं, जहाजं सगळं मिळून भांडवली खर्च १,८०,००० कोटी. पेन्शन जवळजवळ शस्त्रांच्या बरोबरीला आलीय. उद्या ड्रोन कशातून घेणार? आणि तरुण फौजेची कल्पना काही २०२२ ला आकाशातून पडली नाही, कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीनेच सांगितलं होतं की सेवा ७ ते १० वर्षांवर आणा.

कोरेगावकर
७ ते १० सांगितलं होतं ना, ४ नाही. आणि त्यानंतर निमलष्करी दलात सामावून घ्या असंही सांगितलेलं. अर्धी शिफारस घ्यायची आणि अर्धी सोडायची हे चालत नाही.

मैदानवाला
मी सांगली जिल्ह्यात भरतीची पोरं पळवतो, तेव्हा रांग कमी नाही हे मी पण बघतोय, पण रांगेतलं पोरगं बदललंय ते सांगतो.

१६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदात आला तर ६० मार्क, त्यापुढं मार्क उतरत जातात, बीमला दहा पुलअप मारले की ४०. हे कमवायला पोरगं पहाटे साडेचारला उठतं, चारशेच्या ट्रॅकवर तिसऱ्या राउंडला जे मागं पडतं त्याला शेवटच्या राउंडला ओढून आणायला आम्ही बरोबर पळतो, असं वर्ष वर्ष चालतं. पूर्वी माझ्याकडं जे पोरगं सगळ्यात जोरात पळायचं ते आर्मी म्हणायचं, पोलीस भरती ही दुसरी निवड असायची. आता उलटं झालंय. जोरात पळणारं पोरगं म्हणतं सर मला पोलीसच करायचंय, तिथं ५८ पर्यंत नोकरी आहे, आणि आर्मीचा फॉर्म पण भरतो कारण भरला तर काय जातंय. बापानं म्हस विकून फी भरलेली असते हो, त्याचा पण विचार असतोच की चार वर्षांनी पोरगं परत दारात उभं राहिलं तर. पोरीकडची माणसं पण पहिलं हेच विचारतात, पर्मनंट का.

तुम्ही मनोबल म्हणताय ते आत गेल्यावरचं, इथं मैदानावरच ते कमी व्हायला लागलंय.

हिशेबनीस
मैदानवाले दादा, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण पैसे बघा. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, चौथ्या वर्षी ४०, त्यातले ३० टक्के सेवा निधीत, सरकार तेवढेच घालतं, बाहेर पडताना व्याज धरून ११.७१ लाख. बाविशीच्या पोराकडे एवढी रक्कम खेड्यात कुणाकडे असते? वर सीएपीएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या निमलष्करी दलांत, किमान १० टक्के जागा राखीव. चार वर्षांची शिस्त घेऊन आलेलं पोरगं पोलीस भरतीत पण सरसच ठरेल.

रेवा_के
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, बेळगावला सेंटर, बाकी सगळं आयुष्य उत्तरेला. आमच्या घरात पगाराची चर्चा कधी होत नव्हती पण एका गोष्टीचं त्यांना आजही वाईट वाटतं. सातव्या वेतन आयोगाने मिलिटरी सर्व्हिस पे ठरवला, हा पैसा फौजी आयुष्याच्या खडतरपणाबद्दल असतो, लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत १५,५०० आणि शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत सरसकट ५,२००. म्हणजे २६ वर्षं बर्फात आणि जंगलात काढलेला सुभेदार आणि कालचा शिपाई एकाच रकमेत, आणि ज्या नव्या लेफ्टनंटला हा सुभेदार काम शिकवतो त्याला तिप्पट. जेसीओंना वाढवून द्या अशी सेनेचीच मागणी होती, २०१८ मध्ये अर्थखात्याने फेटाळली. थंडी रँक बघून लागते का?

आता आठवा वेतन आयोग बसलाय, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, पूर्वी आपल्या मुंबई हायकोर्टात होत्या. आयोगात फौजेचा माणूस घ्या ही जुनी मागणी, ह्यावेळी पण घेतलेला नाही. बाजू मांडायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि निर्णयाच्या टेबलावर जागा नाही, मनोबलाबद्दल बोलायचं तर इथून सुरुवात करा.

जुना_तोफखाना
हवालदार, तोफखाना, देवळालीत शिकलो, रिटायर्ड. मी कोरेगावकरांशी पूर्ण सहमत नाही आणि हिशेबनीस साहेबांशी तर नाहीच.

पगार वाढवला की मनोबल वाढतं असं समजू नका. मनोबल म्हणजे सीओ (युनिटचा मुख्य अधिकारी) कसा आहे, लंगरचं जेवण कसं आहे, सुट्टी वेळेवर सुटते का, आणि मी इकडे असताना गावाकडं माझ्या बांधाचा तंटा तहसीलदार ऐकून घेतो का. शेवटचं सगळ्यात जास्त पोखरतं, विचारा कुठल्याही जवानाला. बॉर्डरवर उभा माणूस आणि फोनवर बायको रडतेय की भावकीनं वाट अडवली. जुलै २०२२ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या झाल्या, एकट्या लष्करात ६४२. प्रत्येकाचं कारण मला माहीत नाही पण मी ज्यांना पार खचलेलं बघितलं ते गोळीला घाबरून खचले नव्हते, घरच्या ताणानं खचले होते.

आणि सामान. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला, सियाचेनच्या जवानांना बर्फाचे गॉगल, बूट, कपडे वेळेवर नाहीत, रेशनच्या बदली मालात कॅलरी कमी पडतात. त्या गॉगलला काय पेन्शनएवढा खर्च येतो का हिशेबनीस साहेब?

आता अग्निवीर. चार वर्षं तोफेला पुरत नाहीत. गन नंबर म्हणून उभं राहायला शिकवता येतं, पण लेइंग म्हणजे तोफेचा नेम लावणं, टेक्निकल काम, अंधारात पावसात डिटॅचमेंट (एका तोफेची तुकडी) चालवणं, ह्याला वर्षं जातात, आणि पोरगं तयार झालं की घरी. शिवाय चौघांतला एकच राहणार म्हटल्यावर जोडीदार हाच स्पर्धक होतो. फौजेत माणूस झेंड्यासाठी लढतो हे खरं, पण त्या क्षणी तो शेजारच्यासाठी लढतो. तिथं मार्कांची स्पर्धा नको.

हिशेबनीस
काका, गॉगलचा मुद्दा शंभर टक्के मान्य, ती तर सरळ हयगय आहे. पण स्पर्धा कुठे नसते? प्रमोशनला पण असतेच की, नाईकचा हवालदार सगळेच होत नाहीत. आणि प्रमाण पुढे बदलू शकतं, योजना नवीन आहे.

खडकवासलेकर
प्रमाणावरून सांगतो. योजना आखली जात होती तेव्हाचे लष्करप्रमुख मनोज नरवणे, पुण्याचेच, त्यांच्या आठवणींतला भाग डिसेंबर २०२३ मध्ये बातम्यांत आला होता. सेनेचा मूळ विचार ७५ टक्के ठेवायचे आणि २५ टक्के सोडायचे असा होता, झालं बरोबर उलटं. पहिल्या वर्षाचा पगार आधी सगळं धरून २० हजारच ठरत होता, सेनेने नेट लावला म्हणून ३० झाला. ज्यांना ही माणसं लढवायची होती त्यांचंच ऐकलं गेलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

ऑफिसरच्या टंचाईचा आकडा सुरुवातीला आला, पण त्यावर पुढे कुणी बोललं नाही, तिथे हिशेबनीसांचं लॉजिक चालत नाही कारण तिथे जागा आहेत आणि भरत नाहीत. पिरॅमिड असा की बऱ्याच जणांची गाडी लेफ्टनंट कर्नलवर थांबते, आणि सिव्हिलच्या ग्रुप ए सर्व्हिसेसना सहाव्या आयोगापासून नॉन फंक्शनल अपग्रेडेशन आहे म्हणजे प्रमोशन नाही झालं तरी वरचा पगार मिळतो, निमलष्करी दलांच्या बाजूने २०१९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, फौजेच्या ऑफिसरला मात्र नाही. घरात दोन मुलं असली, एक यूपीएससी देणारा आणि एक एनडीएला जाणारा, तर आईबापाला हे दिसतं.

आणि ट्रेनिंगमध्ये जखमी होऊन बाहेर पडलेले कॅडेट. खडकवासल्याला एनडीएच्या मैदानावर मणका मोडला, पण कमिशन झालं नव्हतं म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या योजनेचं, आरोग्य कव्हर मिळालं. कोर्टाच्या आधी सरकारला हे सुचायला नको होतं का?

कोरेगावकर
तोफखाना काका, पगार हेच सगळं असं मी म्हणालोच नाही, तुमचा भावकीचा मुद्दा तर माझ्या घरातला आहे.

हिशेबनीस, ऑक्टोबर २०२३ आठवा. बुलढाण्याचा अग्निवीर सियाचेनमध्ये ड्यूटीवर मरण पावला. सेनेने लाभ जाहीर केले, विमा ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवा निधी, राहिलेल्या महिन्यांचा पगार, बाकी मदत. एक कोटीच्या वर गेलं. तुम्ही म्हणाल मग तक्रार काय.

हिशेबनीस
तेच म्हणणार होतो. एक कोटी बँकेत ठेवले तर सात टक्क्यांनी महिन्याला ५८ हजार येतात, मुद्दल शिल्लक. अग्निवीराकडून विम्याचा हप्ताही कापत नाहीत, रेग्युलर जवानाचा कापतात. हिशेबाने अन्याय नाही.

कोरेगावकर
बँकेचं व्याज वीस वर्षांनी तेवढंच राहतं, किंवा कमीच. लढाईत मेलेल्या रेग्युलर जवानाच्या घरी शेवटच्या पगाराएवढी लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन येते, तिला महागाई भत्ता लागतो, वेतन आयोगाने ती वाढते, वर ईसीएचएस आणि कँटीन. आणि खेड्यातल्या आईच्या हातात एक कोटी राहतात कुठे? घराचं कर्ज, धाकट्याचं शिक्षण, भावकीतली उसनवारी, पतसंस्थेत जास्त व्याजाचं आमिष, पाच वर्षांत संपलेलं मी बघितलंय. महिन्याच्या महिन्याला खात्यात येणारी पेन्शन कुणी मागून नेऊ शकत नाही, म्हणून ती म्हातारीला पुरते.

आणि तुमच्या पेन्शनच्या १.६० लाख कोटींत ह्याने काय भर पडेल? सगळ्या अग्निवीरांना पेन्शन द्या असं समितीने म्हटलेलंच नाही. ड्यूटीवर मेलेल्यांच्या घरापुरती ती शिफारस आहे.

हिशेबनीस
मृत्यूपुरतं मर्यादित असेल तर बजेटचा माझा आक्षेप मागे घेतो, ती रक्कम खरंच मोठी नाही. अपंगत्वाबाबत मात्र निकष कडक हवेत. पण २५ टक्क्यांवर आणि चार वर्षांवर मी तुमच्या बाजूला येणार नाही, फौज तरुणच हवी.

रेवा_के
निकष कडक म्हणजे नक्की काय? आज अग्निवीराला ५०, ७५ आणि १०० टक्के अपंगत्वाला १५, २५ आणि ४४ लाख एकदाच. बाविसाव्या वर्षी पाय गेलेल्या मुलाने १५ लाखांत पुढची चाळीस वर्षं कशी काढायची ते आकड्यात मांडून दाखवा, तुम्ही हिशेबातले आहात म्हणून विचारते.

हिशेबनीस
ताई, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिथे पेन्शन हवी.

मैदानवाला
पहिली बॅच जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेली, म्हणजे २०२७ च्या सुरवातीला त्यातली पोरं बाहेर यायला लागतील. माझी पण आहेत त्यात. कोरेगावकर भाऊ, समितीच्या त्या शिफारशीचं पुढं काय झालं असा प्रश्न खासदाराकडून विचारून घ्यायचा असेल तर दोन ओळीत लिहून द्या, पोरांच्या आईबापांच्या सह्या मी गोळा करतो.

कोरेगावकर
आज रात्री लिहून टाकतो. मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही घालतो, आणि काकांचा सुट्टीचा मुद्दा पण.

जुना_तोफखाना
तहसीलदाराचा पण घाला.