मदत हवी आहे: काकाच्या अस्थी न्यू जर्सीहून नाशिकला कशा आणाव्यात? कुरिअरवाले घेत नाहीत

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा काका गेल्या महिन्याच्या शेवटी न्यू जर्सीत गेला. झोपेतच हृदयविकाराचा झटका आला. वय ५८, लग्न केलं नव्हतं. २८ वर्षं तिकडे होता, पण पासपोर्ट शेवटपर्यंत भारतीयच ठेवला, ग्रीन कार्डावर राहायचा. आमच्यापैकी कुणाकडेच व्हिसा नव्हता. त्याच्या शेजारी एक गुजराती गृहस्थ राहतात. काका त्यांना मोटाभाई म्हणायचा म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्यांनी आणि काकाच्या ऑफिसातल्या चौघांनी सगळं केलं. आम्ही इथे पंचवटीत फोन समईला टेकवून बसलो होतो.

अस्थी सध्या मोटाभाईंच्या घरी आहेत. आजी ८४ वर्षांची आहे. तिचं एकच म्हणणं आहे, त्याला रामकुंडात आणा. आजोबांच्या अस्थी तिथेच विसर्जित केल्या, पणजोबांच्याही. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्याचं पान आहे, काकाचं नाव त्याच पानावर यावं असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

मोटाभाई दोन कुरिअरच्या दुकानांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने आत काय आहे विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. तिने डबा तसाच परत सरकवला. दुसऱ्या ठिकाणी घेत नाही एवढंच उत्तर मिळालं. मग मी रात्री बसून कंपन्यांच्या नकार-याद्या वाचल्या. रोकड, सोन्याच्या विटा, बंदुका, हस्तिदंत, जिवंत प्राणी, आणि त्यांच्याच ओळीत मानवी अवशेष आणि राख. ती ओळ वाचून मला पुढे वाचवेना.

एकाने सुचवलं की "हवनसामग्री" असं लिहून पाठवून द्या, कुणी बघत नाही. हे मला करायचं नाही. मध्येच उघडलं तर त्या डब्याचं काय करतील कुणास ठाऊक. शिवाय काकाचा शेवटचा प्रवास खोट्या कागदावर व्हायला नको.

तर कुरिअर किंवा पोस्टाने आणण्याचा सरळ मार्ग आहे का? कुणी हातात घेऊन येणार असेल तर कागद कोणते लागतात? आणि घरी पार्सल आलंच तर काय करायचं, कारण आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. आजोबांच्या वेळी कलश अंगणातल्या जांभळाला टांगला होता. वर्षश्राद्धाच्या आत झालं तर आजीच्या डोळ्यांदेखत होईल.

जुना_कार्गोवाला

ताई, काकांना श्रद्धांजली. मी मुंबईत विमान-मालवाहतुकीच्या धंद्यात २२ वर्षं होतो, म्हणून नकाराचं कारण सांगू शकतो. त्या मुलीने कठोरपणा केला असं वाटू देऊ नका.

कुरिअरचा सगळा करार किमतीवर उभा असतो. तुम्ही वस्तूची किंमत लिहिता, हरवली तर कंपनी तेवढी भरपाई देते, प्रकरण मिटतं. ज्याची किंमत लिहिता येत नाही आणि जे हरवलं तर दुसरं आणता येत नाही, ते कंपनी उचलत नाही. पार्सल रोज हरवतात, चुकीच्या शहरात जातात, गोदामात पट्ट्यावरून खाली पडतात. अस्थींच्या बाबतीत असं झालं तर कुठल्या तोंडाने माफी मागणार? त्यात बारीक राख एक्स-रेमध्ये नुसती भुकटी दिसते, म्हणजे प्रत्येक थांब्यावर डबा बाजूला काढला जाणार आणि कुणीतरी उघडायला बघणार. आणि प्रत्येक देशाचे कागद वेगळे. म्हणून डीएचएल, फेडेक्स, यूपीएस या तिघांच्याही नियमांत हे बसत नाही. एखाद्या दुकानदाराने घेतलंच तरी देऊ नका. नियमाबाहेरचं पार्सल हरवलं तर तक्रार करायलाही जागा उरत नाही.

फ्युनरल होम, म्हणजे तिकडे अंत्यसंस्काराचं काम बघणारी संस्था, तिच्यामार्फत विमान कंपनीच्या कार्गोतून पाठवण्याचा रस्ता असतो. तो रीतसर आहे पण महाग, आणि मुंबईत कार्गो संकुलातून सोडवायला एजंट लागतो. माझ्या मते तुमच्यासाठी शेवटचा पर्याय.

हवनसामग्रीचा सल्ला ऐकला नाहीत हे फार चांगलं केलंत.

राजगिरा

माझं मत विचाराल तर तिकडच्याच नदीत किंवा समुद्रात सोडाव्यात. इंग्लंडमध्ये लेस्टरला माझा मामेभाऊ असतो, तिथे सोअर नदीवर हिंदू कुटुंबं बोटीतून जाऊन अस्थिविसर्जन करतात. सगळं पाणी एकच. आजींना समजावून बघा.

गोदाकाठची

राजगिरा, तुमचं म्हणणं कळतं. माझ्या आईनेही हेच सुचवलं होतं. पण आजीने २८ वर्षं दर दिवाळीला त्याच्या नावाचं पान वाढलं आहे. तिला मी समजावणार नाही.

कार्गोवाले काका, मनापासून आभार. त्या मुलीचा राग आला होता, तो गेला.

दूरदेशी

मी न्यू जर्सीतच, एडिसनला राहते. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या अस्थी इथून साताऱ्याला नेल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पोस्टाचं. अमेरिकेचं सरकारी टपाल खातं, म्हणजे यूएसपीएस, अस्थी स्वीकारतं. फक्त एक्स्प्रेस सेवेने, आणि १ मार्च २०२५ पासून त्यांनी ठरवून दिलेल्या खास खोक्यातच. ते खोकं पोस्टातून मिळतं, त्यावर चारही बाजूंनी आत काय आहे ते छापलेलं असतं. परदेशी पाठवायचं तर तो देश घेतो का हे पोस्टात आधी विचारावं लागतं. पण घेतलं तरी भारतात परदेशी टपाल आधी कस्टमसमोर जातं आणि तिथे ते किती दिवस पडून राहील यावर तुमचा काही ताबा नाही. आम्ही याच कारणाने पोस्टाचा विचार सोडला.

हाताने नेणं सगळ्यात निर्धास्त. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत येतं. तिथून अस्थी भारतात नेण्यासाठी ना हरकत पत्र घ्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, काकांचा मूळ पासपोर्ट (तो रद्द करून परत देतात), नेणाऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि डब्यात फक्त राख आहे असं फ्युनरल होमचं पत्र, एवढं तयार ठेवा. जाण्याआधी वकिलातीची ताजी यादी बघा. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती आत्ताच मागवून ठेवा, त्यातल्या दोनांवर ॲपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशातही खरा मानला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र, करून घ्या. भारतात काकांचं बँक खातं किंवा वडिलोपार्जित जमिनीत नाव असेल तर तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे तेच मागतात. भारत २००५ पासून ॲपोस्टिल मानतो, त्यामुळे पुन्हा वकिलातीचा शिक्का लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबा धातूचा नको. विमानतळावर डबा एक्स-रेतून जातो. आरपार दिसलं नाही तर सोबत नेऊ देत नाहीत. तपासनीस तो उघडून बघत नाहीत, घरच्यांनी परवानगी दिली तरीही नाही. तांब्याचा कलश आम्हीही आधी आणला होता, तो रिकामाच बॅगेत टाकून नेला. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा डबा चालतो. चेक-इन बॅगेत ठेवू नका, बॅगा हरवतात. विमान कंपनीला आधी फोन करून कळवा.

गोदाकाठची

दूरदेशी ताई, तुमचा प्रतिसाद मी मोटाभाईंना वाचून दाखवला. ते तांब्याचाच कलश घेणार होते!

एक विचारायचं आहे. मोटाभाईंनी व्हिडिओवर डबा दाखवला. काळं प्लॅस्टिकचं चौकोनी खोकं आहे, आत पिशवी, पिशवीच्या तोंडाशी नंबर कोरलेली धातूची चकती. आणि वजन जवळजवळ अडीच किलो! आजोबांच्या वेळी तिसऱ्या दिवशी आम्ही अमरधाममध्ये दूध-पाणी शिंपडून अस्थी हाताने वेचल्या होत्या, लहानशा मडक्यात मावल्या. इथे वेचण्यासारखं काहीच नाही, पिठासारखी भुकटी आहे. हे सगळं आणायचं का? आणि याला अस्थी म्हणायचं का?

दूरदेशी

हो, हा धक्का आम्हालाही बसला होता. आपल्याकडे चितेची राख बहुतेक तिथेच राहते आणि आपण मोजक्या अस्थी घेतो. इथे भट्टीतून जे निघतं ती मुख्यतः हाडंच असतात, ती यंत्रात बारीक दळून सगळीच्या सगळी घरच्यांना देतात. त्यामुळे दोन ते तीन किलो भरतात. म्हणजे तुमच्याकडे आहेत त्या अस्थीच आहेत, फक्त दळलेल्या. चकती काढू नका. तो नंबर दहनाच्या कागदांशी जुळतो, हा डबा काकांचाच आहे याची खूण तीच.

समईची_वात

भारतातल्या भारतात कुणाला लागलं तर, कोविडच्या काळात आपल्या टपाल खात्याने स्पीड पोस्टने अस्थी पाठवायची सोय सुरू केली होती. एका संस्थेमार्फत काशी, प्रयागराज, हरिद्वार आणि गया इथे विधी करून घरच्यांना तो ऑनलाइन दाखवायचे. नाशिक त्यात नव्हतं. या धाग्यात उपयोग नाही, पण शोधत येणाऱ्याला मिळावं म्हणून लिहिलं.

गोदाकाठची

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व.

मोटाभाई स्वतः घेऊन येत आहेत. डिसेंबरात बहिणीकडे बडोद्याला यायचंच होतं त्यांना, तिकीट अलीकडे ओढून घेतलं. मी नको म्हणत होते, ते ७१ वर्षांचे आहेत. त्यांचं उत्तर होतं, "बेटा, अठरा वर्षं त्याने माझ्या दारातला बर्फ काढला." वकिलातीचं पत्र मिळालं आहे. विमान कंपनीला कळवलं आहे. डबा तोच काळा, वरून काकाचा धुतलेला पंचा गुंडाळणार आहेत.

मुंबईहून गाडी कसारा घाटाने थेट गोदाघाटावर येईल, घरी नाही. आमच्या तीर्थोपाध्यायांना दळलेल्या अस्थींबद्दल विचारलं. ते म्हणाले, परदेशातून अशाच येतात, विधीत फरक पडत नाही. वहीतलं पान त्यांनी मला काढून दाखवलं. आजोबांच्या नावाखाली जागा आहे.

एक गोष्ट राहिली. मोटाभाईंनी फार संकोचून विचारलं की ओंजळभर अस्थी मागे ठेवून तिकडच्या समुद्रात सोडल्या तर चालेल का. काका आणि ते दर रविवारी किनाऱ्यावर चालायला जायचे. मी आजीला विचारलं. ती बराच वेळ माळ ओढत बसली, मग म्हणाली, "विचारायचं काय त्यात. माझ्यापेक्षा त्याच्या हातचं जास्त जेवलाय तो." तर तिकडे समुद्रात सोडायला परवानगी लागते का?

दूरदेशी

आधी परवानगी लागत नाही, पण किनाऱ्यापासून तीन सागरी मैल आत, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, जावं लागतं आणि ३० दिवसांच्या आत पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. फुलं सोडायची तर पाण्यात कुजणारीच, प्लॅस्टिकचा दोरा नको. मासेमारीच्या भाड्याच्या बोटी नेतात. मोटाभाई परत आले की मला निरोप करा, मी आणि नवरा दोघं त्यांच्याबरोबर जाऊ. एकट्याने नका जाऊ देऊ त्यांना.

गोदाकाठची

ताई, सांगते त्यांना. गुरुवारी पहाटे विमान उतरतं.