मदत हवी आहे: बाळाची टाळू खचली, सांभाळणाऱ्या मावशींना कसं समजावू?

नमस्कार. आम्ही टेक्सासला, सॅन अँटोनियोत राहतो. लेक साडेपाच महिन्यांची. मी कामावर गेले की शेजारच्या मेक्सिकन मावशी तिला सांभाळतात, अगदी पोटच्या नातीसारखं.

गेल्या आठवड्यात लेकीला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर टाळूत अंगठा टेकेल एवढा खळगा, सकाळपासून डायपर एकदाच ओलं, रडताना डोळ्यांत टिपूस नाही. मावशी म्हणाल्या, "मोयेरा पडली." मोयेरा म्हणजे टाळू. त्यांच्याकडे हा स्वतंत्र आजारच आहे. बाळाला हिसका बसला किंवा पिताना झटकन ओढून काढलं की टाळू पडते आणि त्यानेच जुलाब होतात, असं मानतात. उपाय म्हणजे तोंडात बोट घालून वरची बाजू ढकलायची, नाहीतर बाळाला पायांनी उलटं धरून तळव्यांवर थापट्या मारायच्या. आपण तर डोक्यावरच्या आणि तोंडातल्या, दोन्हींना टाळूच म्हणतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला चटकन कळलं. इकडे सासूबाई फोनवर, "रोज टाळू भरत नाहीस ना? आता तरी कोमट तेल जिरव."

डॉक्टर म्हणाले, जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं म्हणून टाळू खचली. अंगावरचं दूध चालूच, शिवाय ओआरएस दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर. रात्री उशिरा टाळू वर आली आणि डायपर जड लागलं, तेव्हा कुठे मी जेवले. उलटं धरून हिसके दिले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असंही त्यांनी बजावलं. मग विचारलं, पोटासाठी केशरी पूड तर दिली नाही ना? तिकडे 'आसार्कोन' नावाची पूड पोट बिघडलं की देतात. ते शिशाचं ऑक्साइड, म्हणजे आपण मारुतीला लावतो तो जुना शेंदूरच! ऐकून हातपाय गार पडले. मावशींनी दिली नव्हती.

सासूबाईंना मी सांगेन, तेल हलक्या हाताने वरून लावलं तर बिघडत नाही. मावशींचं काय? त्यांनी चार मुलं अशीच वाढवली, माझ्या लेकीसाठी दोन्ही रात्री फोन करत होत्या. त्यांचं मन न दुखवता "उलटं धरू नका, तोंडात बोट घालू नका, पूड देऊ नका, आधी मला फोन करा" हे कसं सांगू? कुणी स्पॅनिश बोलणारं असेल तर नेमके शब्द सुचवा. सोमवारपासून लेक परत त्यांच्याकडे जाणार आहे.