माया लिपीच्या उलगड्याचे मुख्य श्रेय कोणाचे?

लिपिप्रेमी:
मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांची लिपी वाचता येऊ लागली, याचे श्रेय सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव्ह यांनाच द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. मेक्सिकोतील युकातानमध्ये माया पोथ्या जाळणाऱ्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात एक 'वर्णमाला' नोंदवली होती. अभ्यासकांनी ती निरुपयोगी ठरवली होती. लेनिनग्राडच्या तरुण क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये दाखवले की, तिच्यातील बरीच चिन्हे सुट्या वर्णांची नसून 'कु', 'लु' अशा स्वरयुक्त अक्षरांची आहेत. माया पोथ्यांत टर्की पक्ष्यासाठी 'कु-त्सु' आणि कुत्र्यासाठी 'त्सु-लु' अशी चिन्हे येतात. युकातेक या तिथल्या माया भाषेत हे शब्द 'कुत्स' आणि 'त्सुल' असे आहेत (शेवटचा स्वर उच्चारात गळतो), आणि 'त्सु'चे चिन्ह दोन्हीकडे एकच आहे. याहून स्वच्छ पडताळा कोणता हवा? तरीही त्या काळचे आघाडीचे ब्रिटिश माया अभ्यासक एरिक थॉम्सन यांनी ही पद्धत अखेरपर्यंत नाकारली आणि त्यांच्या दबदब्यामुळे पश्चिमेतील संशोधन कित्येक वर्षे रखडले.

जुना वाचक:
मी असहमत आहे. क्नोरोझोव्ह यांची अनेक वाचने पुढे चुकीची ठरली, त्यामुळे थॉम्सन यांच्या शंकेला आधार होता. शिवाय थॉम्सन यांनी १९६२ मध्ये केलेल्या चिन्हसूचीचे क्रमांक अभ्यासक आजही वापरतात. खरी कलाटणी माया अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी दिली. ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांच्या प्रत्येक गटातील तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात, हे लक्षात घेऊन त्यांनी १९६० मध्ये जन्म आणि राज्यारोहण यांची चिन्हे ओळखली, तीही एकाही चिन्हाचा उच्चार न ठरवता. हे लेख केवळ कालगणनेचे आणि देवांचे आहेत, ही समजूत तिथेच मोडली, आणि थॉम्सन यांनीही ते मान्य केले.

लिपिप्रेमी:
प्रोस्कुरियाकॉफ यांचे काम मलाही थोर वाटते. परंतु लेखात काय घडले हे कळणे आणि लेखकाने लिहिलेला शब्द त्याच्या भाषेत वाचता येणे, यांत मोठे अंतर आहे. मेक्सिकोतील पालेंके या माया नगराच्या एका राजाचे नाव कधी ढालीच्या चित्राने, तर कधी 'पा-का-ला' अशा अक्षरांनी लिहिलेले आढळते. ते 'पाकाल' असे वाचता येते, ते क्नोरोझोव्ह यांच्या तत्त्वामुळेच.

जुना वाचक:
नाव वाचता आले हे खरे. मात्र १९७३ मध्ये पालेंके येथील बैठकीत फ्लॉइड लाउन्सबरी, लिंडा शील आणि पीटर मॅथ्यूज या अभ्यासकांनी तिथल्या राजांचा क्रम लावला, तो राज्यारोहणासारख्या घटनांची चिन्हे आधीच ओळखीची झाली होती म्हणून. त्यामुळे पहिले नाव मी प्रोस्कुरियाकॉफ यांचेच घेईन.