परग्रहवासीयांच्या आक्रमणाचे जुने सिनेमे: हे निव्वळ स्मरणरंजन नाही

रानवाटा

परग्रहावरून आक्रमण होतं अशा जुन्या सिनेमांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "लहानपणी पाहिले म्हणून आवडतात, आज बघ, हसू येईल." मला हे साफ नामंजूर आहे. लहानपणी डोक्यावर घेतलेल्या कितीतरी गोष्टी आज दहा मिनिटंसुद्धा बघवत नाहीत. मग हेच सिनेमे का टिकले, याचं उत्तर त्या सिनेमांतच शोधायला हवं.

माझं उदाहरण १९५३ चा 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. निर्माता जॉर्ज पाल, दिग्दर्शक बायरन हॅस्किन. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावाजवळ उल्का पडते. गावकरी घाबरत नाहीत, उलट ती बघायला लोक येतील, गावाचा धंदा वाढेल, असे मनसुबे सुरू होतात. रात्री तिघांना पहाऱ्यावर ठेवलेलं असतं. आणि उल्केच्या माथ्यावरचा एक गोल भाग बरणीचं झाकण फिरावं तसा सावकाश फिरू लागतो. तिघे जण पांढरं निशाण उंचावून पुढे जातात, आपण मित्र आहोत असं ओरडून सांगतात. पुढच्या क्षणी जमिनीवर नुसती राख.

त्यानंतरचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. गावात नाचगाणं चाललंय आणि एकदम दिवे जातात. फोन बंद. कुणीतरी घड्याळ बघतो, ते थांबलेलं. शेजारच्याचंही थांबलेलं, आणि दोन्हींत तीच वेळ. डॉ. फॉरेस्टर हा शास्त्रज्ञ ओळखतो की घड्याळं चुंबकीय झाली आहेत. होकायंत्र काढलं तर काटा उत्तर दाखवत नाही, उल्का पडली त्या दिशेला वळलेला असतो. राक्षस दिसलेला नाही, स्फोट नाही, तरी पोटात गोळा येतो. आजही येतो.

पुढे काय होतं बघा. पाद्री बायबल घेऊन सामोरा जातो, जळून जातो. सैन्य हरतं. अणुबॉम्ब टाकतात, आणि धुरातून मंगळवासीयांची तांब्याच्या रंगाची यानं जशीच्या तशी बाहेर येतात. शेवटची आशा शास्त्रज्ञांवर, तर जीव वाचवायला पळणारी माणसंच त्यांच्या गाड्या बळकावतात आणि उपकरणं रस्त्यावर फेकून देतात. बाप, मास्तर, पोलीस, पुढारी यांना सगळं कळतं असं ज्या वयात वाटत असतं, त्या वयात या सिनेमाने मला सरळ सांगितलं की मोठ्यांनाही काही सुचत नाही, अशी वेळ येऊ शकते. मुलांच्या सिनेमात हे कुणी सांगत नव्हतं. माझ्या मते या सिनेमांची पकड इथे आहे.

तुम्हाला काय वाटतं? असहमती असेल तर कारणांसकट लिहा.

तिसरी घंटा

असहमत, आणि कारणं लिहिते.

तुम्ही ज्याला धाडस म्हणता, तो सिनेमा मूळ कादंबरीच्या मानाने फार भित्रा आहे. एच. जी. वेल्सची कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने. पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढतो. युरोपीय लोकांनी पन्नास वर्षांत त्यांचा संहार केला, मग मंगळवासी त्याच वृत्तीने आपल्यावर चालून आले तर आपण तक्रार कशी करायची, असा त्याचा रोखठोक प्रश्न आहे. तो लंडनच्या वाचकाला म्हणत होता की जे तुम्ही इतरांशी केलंत ते तुमच्या दारात आलं तर कसं वाटेल ते बघा.

ही कादंबरी क्रमशः छापली जात होती ते १८९७ साल आपल्याकडे काय होतं ते आठवा. पुण्यात प्लेग होता. तपासणीच्या नावाखाली सोल्जर देवघरापर्यंत शिरत होते, माणसं उचलून नेत होते. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. परक्याची फौज घरात घुसणं ही आपल्यासाठी कल्पना नव्हती. वेल्सच्या गोष्टीत रोगजंतू चढाई करणाऱ्यांना मारतात, पुण्यात ते मारत होते चढाई सोसणाऱ्यांना.

सिनेमाने कथा इंग्लंडमधून उचलून कॅलिफोर्नियात नेली आणि हा प्रश्नच गाळून टाकला. कादंबरीतला पाद्री भेदरलेला, तोल गेलेला माणूस आहे. सिनेमातला हुतात्मा आहे. शेवट चर्चमध्ये, प्रार्थनेच्या सुरांत. ज्या देशाकडे त्या वेळी अणुबॉम्ब होता, त्याने स्वतःला बिचारा आणि निरपराध दाखवलं. लहानपणी हे लक्षात येत नाही, म्हणून तो सिनेमा आवडतो. म्हणजे गोष्ट पुन्हा बालपणावरच येते.

ध्रुवतारा

रानवाटा, तुमच्या मुद्द्याशी सहमत, पण सिनेमा चुकीचा निवडलात. मोठ्यांवरचा विश्वास उडण्याची गोष्ट हवी असेल तर त्याच वर्षीचा 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स' बघा. दिग्दर्शक विल्यम कॅमेरॉन मेन्झिस, जो मुळात सेट उभारणाऱ्यांतला दिग्गज. डेव्हिड नावाच्या मुलाला रात्री खिडकीतून तबकडी उतरताना दिसते, घरामागच्या वाळूच्या टेकडीत गडप होते. वडील बघायला जातात. परत येतात ते बदललेले, चिडके, मानेवर एक खूण. मग आईची पाळी येते. मुलगा पोलीस ठाण्यात धावतो.

ते पोलीस ठाणं डोळ्यांसमोर आणा. भिंती जवळजवळ रिकाम्या, लांबलचक मोकळी जागा, आणि हवालदाराचं मेज इतकं उंच की पोराला मान वर करून बोलावं लागतं. मेन्झिसने सेटच मुलाच्या नजरेने बांधले. पैसे कमी होते हे दिसतं, मंगळवासीयांच्या हिरव्या पोशाखाची पाठीवरची चेनही दिसते म्हणतात, पण त्या मेजापुढे ते सगळं विसरायला होतं. आपलं म्हणणं मोठ्यांपर्यंत पोचतच नाही, ही भीती मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात इतकी स्पष्ट पाहिलेली नाही. यात मंगळवासी फक्त निमित्त आहेत.

तिसरी घंटा यांचं पुण्याचं उदाहरण वाचून मात्र थांबले. हा संबंध कधी डोक्यात आला नव्हता.

पैलतीर

मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरजवळ राहतो. १९३८ च्या ३० ऑक्टोबरला अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने (हा वेल्स वेगळा) रेडिओवर हीच कथा बातम्यांच्या थाटात सादर केली, आणि मंगळवासी उतरवले ते इथल्या ग्रोव्हर्स मिलमध्ये. तिथल्या बागेत त्याचं स्मारक आहे. आजूबाजूला मराठी घरं पुष्कळ. मुलांना तिथे नेलं की ती पहिला प्रश्न विचारतात, "मग लोक खरंच घाबरले का?" घाबरले, पण सगळा देश रस्त्यावर आला ही गोष्ट वर्तमानपत्रांनी फुगवली. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता.

माझा विरोध वेगळा आहे. तुम्ही दोघंतिघं या सिनेमांना फारच गंभीर करून टाकताय. माझ्या पिढीचा सिनेमा १९९६ चा 'इंडिपेन्डन्स डे'. शहरावर सावली सरकत येते, माणसं गाड्या थांबवून वर बघतात, आणि व्हाइट हाउस फुटतं. ती एक प्रतिकृती होती आणि तिच्यात खरीखुरी दारू भरून उडवली, म्हणून ती आग आजच्या संगणकी आगीपेक्षा खरी वाटते. त्यात मोठी माणसं हरत नाहीत, जिंकतात. वैमानिक, शास्त्रज्ञ, त्याचा म्हातारा बाप, राष्ट्राध्यक्ष, एक दारुडा सगळे एकत्र येतात. रानवाटांची उपपत्ती इथे लागूच पडत नाही. तरी माझ्या वयाच्या माणसाला तो आठवतो, कारण शेवटी मन भरून येतं. मुलांना भीती हवी असते हे खरं, पण भीतीनंतरचा जल्लोषही हवा असतो.

सातारकर

मी या सगळ्या प्रकाराच्याच विरोधात आहे. वर कुणीतरी यायचं ते मारायलाच, हे एका अख्ख्या पिढीच्या मनावर बिंबवलं गेलं.

१९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानं अंतराळात गेली, त्यांतल्या ध्वनिमुद्रिकेवर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. गोव्यातल्या केरीची ही बाई. पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांत मराठीही आहे. म्हणजे माणसाला जेव्हा खरोखर काही पाठवायचं होतं तेव्हा त्याने गाणं पाठवलं. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात उतरणाऱ्या, कुणालाही न दुखावणाऱ्या परग्रहवासीयाची पटकथा लिहिली होती, हॉलीवूडपर्यंत बोलणी गेली, सिनेमा झालाच नाही. तो झाला असता तर आपल्या पोरांच्या आठवणीत दुसरं काही राहिलं असतं.

अमेरिकेतही १९५१ चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' आहेच. क्लाटू हा परग्रहवासी वॉशिंग्टनमध्ये उतरतो, भेटवस्तू पुढे करतो आणि शिपाई त्याच्यावर गोळी झाडतो. खरी गोष्ट ही.

ध्रुवतारा

सातारकर, क्लाटू शेवटी काय सांगून जातो? तुमची हिंसा अंतराळात आणलीत तर पृथ्वी जाळून टाकू. ही भेट की धमकी?

निरांजन

विज्ञानाच्या बाजूने दोन शब्द. मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात हा शेवट अनेकांना पळवाट वाटतो. रोगजंतूंचं आपल्या यजमान शरीराशी फार जुळलेलं नातं असतं, म्हणून परक्या जिवाला ते लगेच बाधतील असं सांगता येत नाही. पण प्रश्न वेडगळ नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर परतले तेव्हा चंद्रावरचे जंतू आले असतील या शंकेने त्यांना विलग ठेवलं होतं. आणि आपले जयंत नारळीकर हाच प्रश्न उलट बाजूने विचारत होते: जीव वरून खाली येत असेल का? २००१ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले, त्या प्रयोगामागे ते होते. नमुन्यांत सूक्ष्मजीव मिळाले. ते वरून आले की खालून गेले, यावर वाद आहे. मला मात्र वेल्सचा शेवट या प्रयोगामुळे जास्त आवडू लागला.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

पैलतीर, 'इंडिपेन्डन्स डे' मीही आनंदाने पाहतो. पण तुम्हाला त्यातलं आधी काय आठवलं? सरकत येणारी सावली आणि वर बघणारी माणसं. जल्लोष तुम्ही नंतर लिहिलात. सिनेमाचा पहिला भाग जुन्या सिनेमांचा वारसा आहे, दुसरा भाग युद्धपटाचा. आणि मनात घर करतो तो पहिलाच.

सातारकर, केसरबाईंचा मुद्दा मनापासून पटतो, पण ते गाणं पाठवलं म्हणून भीतीची गोष्ट खोटी ठरत नाही. अंधारात हाक मारणाऱ्याच्या मनातही भीती असतेच.

ध्रुवतारा, त्या उंच मेजाबद्दल तुम्ही लिहिलंत तसं मी लिहू शकलो नसतो. पण पोटात गोळा माझ्या घड्याळांनीच येतो.

तिसरी घंटा, तुमचा मुद्दा सगळ्यांत जड आहे. टास्मानिया गाळला, पाद्री बदलला, हे खरं. तरी गाड्या बळकावणाऱ्या गर्दीचा प्रसंग पुन्हा बघा. मंगळवासीयांच्या रक्ताच्या नमुन्यावरून शास्त्रज्ञांना दुवा सापडत आलेला असतो आणि तो माणसांच्याच हातून रस्त्यावर जातो. स्वतःला निरपराध दाखवणाऱ्या सिनेमात हा प्रसंग कशाला असेल? आणि यानं ज्या तारांनी टांगली होती त्या तारांवरून हसणाऱ्यांसाठी: मूळ टेक्निकलर प्रिंटवर यानांच्या तारा फारशा दिसत नव्हत्या, नंतरच्या उजळ प्रतींत त्या उघड्या पडल्या. २०१८ च्या जीर्णोद्धारात त्या पुसल्या आहेत. ती प्रत मिळाली तर तीच बघा.

तिसरी घंटा

गर्दीचा प्रसंग मान्य. तो उत्तम आहे. पण तिथे दोष जमावाचा आहे, राज्यकर्त्यांचा नाही, आणि माझा आक्षेप नेमका तोच. घाबरलेली साधी माणसं वाईट दिसतात आणि बॉम्ब टाकणारे फक्त दुर्दैवी.

आरसा हवा असेल तर १९५६ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' घ्या. दिग्दर्शक डॉन सीगल. शेंगांतून माणसांच्या हुबेहूब प्रती उगवतात, शेजारी, पोलीस, प्रेयसी एकेक करून आतून रिकामे होतात. कुणी त्यात कम्युनिस्टांची भीती बघतं, कुणी कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्यांची. सीगलला सिनेमा संपवायचा होता तो भर हमरस्त्यावर, वाहनांपुढे हात पसरून ओरडणाऱ्या डॉक्टरवर. स्टुडिओने पुढेमागे जोड देऊन मदत येतेय असा दिलासा चिकटवला. तो दिलासा काढून बघितलात तर तुमच्या १९५३ च्या सिनेमापेक्षा हा कितीतरी पुढे आहे, आणि यात तर एकही यान उडत नाही.

रानवाटा

तो मी मोठेपणी पाहिला, आणि आवडला. पण दहा वर्षांच्या मुलाला तो दाखवून बघा, मधेच उठून जाईल. होकायंत्राच्या काट्यापाशी तेच मूल तुमच्या शेजारी सरकून बसतं. माझ्या पुतणीच्या बाबतीत हे झालंय, आणि तिला १९५३ सालाशी काही देणंघेणं नाही. तिच्याकडे कसलं स्मरणरंजन असणार?

तिसरी घंटा

पुतणीला पुढच्या वेळी टास्मानियाचंही सांगा. ती विचारेल ते प्रश्न इथे लिहा, मग पुढे बोलू.