मदत हवी आहे: जुना ट्रक फक्त घाटातच तापतो

गाडी दहा चाकी, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल, 2009 चं मॉडेल. सपाट रस्त्याला फुल लोडवरही टेम्परेचरचा काटा मधोमध असतो. पण भिवंडीहून माल भरून कसारा घाट चढायला लागलं की निम्म्यात काटा लाल पट्टीला टेकतो. वर इगतपुरीला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली येतो.

रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) केलंय. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवीन आहे, बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून बघितला, उघडतो. बेल्ट ताठ. ऑइल दुधाळ नाही, पांढरा धूरही नाही. कूलंट मात्र प्रत्येक खेपेला थोडं कमी होतं आणि गळती कुठेच सापडत नाही. हेच मला खटकतंय.

एक मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाका. मला पटत नाही. बायपास उघडा राहिला तर बरंच पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरेल. दुसरा थेट इंजिनचं हेड उतरवायला निघालाय (त्याला कशातही हेडच दिसतं).

गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर अगदी मोकळा फिरतो. म्हणजे व्हिस्कस क्लच (गरम झालं की पंख्याला पकडून जोरात फिरवणारा) गेला का? की कूलंट कमी होतंय म्हणून आधी प्रेशर टेस्ट करून हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बघू? आणि गॅस्केट गेल्याचे बुडबुडे कूलंटच्या टाकीत बघायचे तर लोडवरच दिसतात की उभ्या गाडीत रेस देऊनही कळतं?