कोकणातल्या महाविद्यालयांतील छळ आणि भेदभाव : अनुभव धागा

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे देणारा विशाखा खटल्याचा निकाल १९९७ मध्ये लागला, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि महाविद्यालये-विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे विनियम २०१५ मध्ये आले. तरीही लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आपल्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर कोण आहे, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. म्हणून ही विनंती. काय घडले ते थोडक्यात लिहावे; ते कशामुळे थांबले, किंवा कशामुळे आधीच टळले असते, हे सविस्तर लिहावे. व्यक्तीचे आणि संस्थेचे नाव देऊ नये.

माजी विद्यार्थिनी, कुडाळ तालुका

आमचे एक प्राध्यापक सर्वांच्या प्रयोगवह्यांवर तासातच सही करत. माझी वही मात्र गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ‘सगळे गेल्यावर ये’ असे सांगत. नंतर प्रयोगशाळेत जे बोलणे आणि जवळ येणे चाले, ते इथे लिहीत नाही. घरी सांगितले तेव्हा बाबांना पहिली काळजी गावात बोभाटा होण्याची वाटली. मला त्याहून मोठी भीती गुणांची होती, कारण अंतर्गत मूल्यमापन त्यांच्याच हाती होते. समितीच्या अध्यक्ष बाईंनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या : तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि चौकशी चालू असताना संबंधित शिक्षकाला माझे पेपर व प्रात्यक्षिक तपासण्यापासून दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. हे दुसरे कळल्यावरच मी लेखी तक्रार दिली. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या प्राध्यापकांनी घेतली. चौकशीची मुदत ९० दिवसांची असते आणि ती पाळली गेली. शिक्षा काय झाली यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो नंतर निघालेला आदेश : वह्यांवर सही तासातच आणि इतर विद्यार्थ्यांसमोरच होईल. तो आधी निघाला असता तर तक्रारीची वेळच आली नसती.

माजी विद्यार्थी, वसतिगृह, रत्नागिरी

मी मालवणीत बोललो की हशा पिकत असे, तो मी सोडून देत होतो. पण नावानंतरचा प्रश्न असे, ‘वाडी कुठली?’ आणि कोकणात वाडी कळली की जात निराळी विचारावी लागत नाही. त्याच आठवड्यात खोलीतली पाण्याची कळशी माझ्या खाटेजवळून उचलून पलीकडच्या कोपऱ्यात गेली. रेक्टर म्हणाले, ‘मुलांची मस्करी आहे.’ ती मस्करी नव्हती. जात, भाषिक ओळख, राहण्याचे ठिकाण किंवा आर्थिक स्थिती यांवरून दिलेला मानसिक त्रास आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांतील २०१६ च्या दुरुस्तीपासून रॅगिंगच्या व्याख्येतच येतो. मी १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, महाविद्यालयाला विचारणा झाली आणि त्यानंतर रेक्टरांना माझे ऐकायला वेळ मिळाला.

विद्यार्थिनी, गुहागर तालुका

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका बाहेरच्या पाहुण्याने त्रास दिला. ‘हे कॉलेजच्या आवारात घडलेले नाही’ असे उत्तर मिळाले, जे साफ चुकीचे आहे. शिबिर, अभ्यास सहल, क्रीडा स्पर्धा आणि संस्थेने पुरवलेली बस हे सर्व विनियमांनुसार आवारातच मोजले जाते, आणि त्रास देणारा बाहेरचा असला तरी संस्थेची जबाबदारी संपत नाही.

प्राध्यापिका व समिती सदस्य, चिपळूण परिसर

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. परीक्षेच्या सुमारास काही घडले, तर मुलगी घरी जाते, आंबा-काजूचा हंगाम आणि मे महिना सरतो, आणि जूनमध्ये ती येते तेव्हा मुदत संपत आलेली असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, हे आम्ही आता परीक्षेआधीच वर्गावर्गात जाऊन सांगतो. सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहात दारांच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, कारण कार्यालयाबाहेरच्या फलकासमोर उभे राहून क्रमांक उतरवून घेणारी मुलगी सर्वांना दिसते. हे केल्यापासून फोन येऊ लागले, आणि त्यांतले बरेचसे तक्रारीचे नसून ‘हे तक्रारीत बसते का?’ असे विचारणारे असतात.