टेबल सॉवर लाकूड उलटं फेकलं जातंय, कुठलं ब्लेड घेऊ? (जरा अर्जंट)

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी, संध्याकाळी बोहरी आळीत (पुण्यातलं हार्डवेअरचं मार्केट) जाणार आहे त्यामुळे प्लीज लवकर सांगा. घरी बनवलेला टेबल सॉ आहे (टेबलाच्या फटीतून वर आलेलं फिरतं गोल ब्लेड, फळी त्यावर ढकलायची), महिनाभर व्यवस्थित चालत होता. काल फळी कापताना अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मशीनचा आवाज बसला, थोडा धूर आला आणि काही कळायच्या आत फळी उलटी माझ्या अंगावर आली, पोटाला लागून मागच्या भिंतीवर आदळली, टाइलला तडा गेलाय. ब्लेडची धार गेली असणार. नवीन घेताना २४ दाती घेऊ की ४० दाती? मुलीचं अभ्यासाचं टेबल शाळा सुरू व्हायच्या आत करून द्यायचं कबूल केलंय.

हडपसर_वर्कशॉप
मशीन कुठलं? कापत काय होतात, प्लाय की लाकूड? उभं चिरत होतात की आडवं? गाईड (फळी सरळ सरकवायची कडेची पट्टी) काय लावलंय? हे कळल्याशिवाय ब्लेडचं काय सांगणार.

मीनल_एस
आधी पोटाचं सांगा. कुठे लागलंय, दुखणं वाढतंय का, चक्कर किंवा मळमळ आहे का? पोटावर जोरात मार बसला की वरून नुसतं निळं दिसतं आणि आत इजा असू शकते. डाव्या बरगडीखाली लागलं असेल तर आजच दाखवून या.

पेठेतला_रंधा
माझा अनुभव सांगतो. गेली ११ वर्षं फक्त हातकरवत, रंधा आणि पटाशी यावर काम करतोय, दोन पलंग आणि एक देव्हारा केलाय. फ्लॅटमध्ये मशीनची गरजच नाही. करवतीला धार लावायला शिका, ४ फुटी फळी १५ मिनिटांत चिरून होते. शेजाऱ्यांना पण त्रास नाही.

कर्वेनगरकर
मीनलताई, बेंबीच्या बाजूला लागलंय, निळं झालंय पण दुखणं कमी होतंय. हडपसरवाले दादा, साधी सात इंची सर्क्युलर सॉ आहे, १२०० वॅट, टेबलाखाली उलटी बसवलीय. लाकूड साग आहे, उभं चिरत होतो. ब्लेडचं सांगा ना.

धायरी_सागवान
सागाला फिनिश काय देणार? मेलामाइन पॉलिश नको, पीयू (पॉलियुरेथेन) द्या किंवा साधं तेल. मी जवसाच्या तेलाचे ३ हात दिले होते, रंग असा काही खुलतो की बघत राहावं. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

हडपसर_वर्कशॉप
उलटी बसवली म्हणजे ब्लेड झाकणारं खालचं गार्ड काय केलंत? आणि स्विच कुठे आहे?

कर्वेनगरकर
गार्ड तारेने मागे बांधलंय, नाहीतर फळी अडकते. ट्रिगर प्लास्टिकच्या टायने दाबून ठेवलाय, चालू-बंद भिंतीवरच्या बटणाने करतो. यूट्यूबवर सगळे असंच करतात.

हडपसर_वर्कशॉप
दादा, हात जोडून सांगतो, तो टाय आत्ता कापा. भिंतीवरचं बटण तुमच्या पाठीमागे असणार ना? फळी अडकली त्या क्षणी मशीन बंद करायला तुम्हाला वळावं लागलं असतं, हात ब्लेडजवळ आणि तोंड दुसरीकडे. लाइट जाऊन परत आली तर ब्लेड आपोआप फिरायला लागेल ते वेगळंच.

कोंढवा_इलेक्ट्रिक
१२०० वॅट म्हणजे सव्वापाच अँपिअर झाले, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतं. ६ अँपिअरच्या पॉइंटवर लांब एक्स्टेन्शन लावू नका, १६चा पॉइंट घ्या, अडीच स्क्वेअर एमएमची केबल, आणि गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली केबल तापते. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे का बघा.

सिंहगडरोड
चामड्याचे हातमोजे घाला आणि निश्चिंत व्हा. मी नेहमी घालतो.

बाणेर_बाळू
>> चामड्याचे हातमोजे घाला

कृपया असं कोणाला सांगू नका. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे घालायचेच नाहीत. माझ्या उजव्या अनामिकेचं टोक नाही, नखाच्या निम्म्यापासून. हातमोज्याच्या शिवणीचा सुटलेला दोरा दाताला लागला आणि बोट ओढलं गेलं, उघड्या हाताला ओरखडा आला असता फार तर. अजून शर्टाचं बटण लावताना ते बोट चुकतं. चष्मा घाला, कानाला प्लग, आणि एन९५ मास्क घाला, सागाचा भुसा बारीक असतो, लाकडाची धूळ कॅन्सर करते हे सिद्ध झालेलं आहे. पण हातमोजे नाही.

सिंहगडरोड
लाकडं उचलताना कुसळं जातात त्याचं काय मग?

बाणेर_बाळू
उचलताना घाला, मशीन सुरू करायच्या आधी काढा.

पेठेतला_रंधा
म्हणूनच म्हणतो, हातकरवत.

खडकी_पॅटर्नशॉप
मी ३४ वर्षं पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवतात तिथे) काढली, आता रिटायर आहे. कर्वेनगरकर, ती फेकली गेलेली फळी टाकून दिली नसेल तर हातात घ्या. कापाच्या कडेला जळल्याचा काळा डाग असेल. तो गाईडकडच्या तुकड्यावर आहे, पलीकडच्या तुकड्यावर आहे की दोन्हीवर? आणि मशीनचा प्लग काढून मग गाईड ते ब्लेड अंतर मोजा, ब्लेडच्या पुढच्या दाताशी आणि मागच्या दाताशी, दोन्हीकडे. एकाच दातावर पेनने खूण करा आणि तोच दात फिरवून मागे न्या, म्हणजे ब्लेड वाकडं असलं तरी माप चुकणार नाही.

कर्वेनगरकर
काका, डाग गाईडच्या बाजूलाच आहे, साधारण बोटभर लांब, पलीकडचा तुकडा स्वच्छ आहे. पुढे ८४ मिमी भरलं, मागे ८१.५. अडीच मिमी फरक!! गाईड म्हणजे ॲल्युमिनियमचं चौकोनी पाइप आहे, दोन्ही टोकांना एकेक शिकंजा (क्लॅम्प). प्रत्येक वेळी डोळ्यांनीच सरळ लावत होतो.

खडकी_पॅटर्नशॉप
मग ब्लेडचा दोष नाही. ८४ची पट्टी ८१.५च्या फटीत ढकलत होतात. टेबल सॉला ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात पण मागचे दात वर येत असतात, लाकूड मागच्या दातांवर दाबलं गेलं की ते त्याला उचलतात आणि सरळ तुमच्याकडे फेकतात. आधी घासून धूर आला तो हाच इशारा होता. फॅक्टरीतल्या मशीनला ब्लेडच्या मागे एक उभी पातळ पट्टी असते, रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती लाकडाला मागच्या दातांपर्यंत जाऊच देत नाही. तुमच्या सेटअपला ती नाही. म्हणून माझं मत असं की गाईड सरळ केलं तरी हे टेबल वापरू नका. मशीन खालून काढा, गार्ड सोडा, कंपनीने बनवलंय तसं हातात धरून वरून चालवा. फळीखाली जाड थर्माकोल टाका म्हणजे दोन्ही तुकडे टेकलेले राहतील आणि खाच मिटून ब्लेड आवळलं जाणार नाही. तोच पाइप फळीवर शिकंज्यांनी आवळा आणि मशीन त्याच्या कडेने चालवा. ब्लेड लाकडाच्या खाली एक दात दिसेल एवढंच सोडा. आणि मागे सरळ रेषेत उभे राहू नका, थोडं बाजूला.

हडपसर_वर्कशॉप
काकांना पूर्ण सहमत. चांगली बाजू खाली ठेवा, हातातल्या सॉचे दात खालून वर येतात त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, उभं चिरायला २४ दाती बरोबर, ४० दाती प्लायला आणि आडव्या कापाला.

धायरी_सागवान
साग कुठून घेतला? भवानी पेठेत टिंबर मार्केटला काय भाव चालू आहे घनफुटाला?

कर्वेनगरकर
विकत नाही घेतला, आजीच्या जुन्या पलंगाच्या फळ्या आहेत, गावाहून आणल्या.

खडकी_पॅटर्नशॉप
अहो हे आधी सांगायचं! जुन्या पलंगात खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले, वरून पॉलिश बसलेलं. कार्बाइडचा दात खिळ्यावर बसला तर तुटून गोळीसारखा उडतो. प्रत्येक फळीवर मोठं चुंबक दोऱ्याला बांधून फिरवा, दोन्ही बाजूंनी.

कर्वेनगरकर
आत्ताच जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. तीन फळ्यांत ७ खिळे. त्यातला एक काल अडकलेल्या फळीत, काप थांबला तिथून चार बोटं पुढे. अडीच इंची, काळा पडलेला, चौकोनी. बघून हात थंड पडले. टाय कापला, मशीन खालून सोडवलंय, आज फक्त खिळे काढतो. बोहरी आळीतून चार शिकंजे, चष्मा आणि २४ दाती ब्लेड आणतो. मुलीला सांगितलं टेबल एक आठवडा उशिरा, ती म्हणाली चालेल पण ड्रॉवर हवाच.

मीनल_एस
पोटाचं रात्री परत बघा आणि इथे लिहा.

पेठेतला_रंधा
ड्रॉवर करणार असाल तर लोखंडी चॅनल लावू नका, सागाच्याच पट्ट्या लावा आणि मेण घासा. कोपऱ्यांचे सांधे हाताने कसे काढायचे ते मी फोटोसकट टाकतो. ड्रॉवरची उंची किती ठेवताय?